उपाशी पाणी

रसायनाच्या वर्गात, फळ्याच्या डाव्या अंगाला
एक तक्ता असे, कोपरे पिवळे पडलेला.
चौकटीचौकटीत आमच्या लिपीतलं एकेक अक्षर:
र म्हणजे विरघळतं.
म म्हणजे विरघळतं, पण जिवावर आल्यासारखं.
न म्हणजे नाही, कितीही ढवळा.
आणि कुठे कुठे नुसती रेघ,
असली जोडी पाण्यात टिकतच नाही.

फाइना गाव्रिलोव्ना ओरडत नसत. मोजायला लावत.
शंभर ग्रॅम पाणी, त्यात सोरा.
बर्फगार पाणी तेरा ग्रॅमवरच ढेकर देतं,
उकळतं पाणी अडीचशेच्या घरात जाऊनही
आणखी वाढा म्हणतं.
चुन्याची निवळी उलट्या काळजाची,
तापली की पोटातला चुना बाहेर टाकते.
आणि मीठ? मीठ मख्ख.
थंडीत छत्तीस, उकळीत एकोणचाळीस,
ऋतू बदलल्याचं त्याला कुणी कळवतच नाही.

"गुझेल, वितळणं वेगळं आणि विरघळणं वेगळं.
वितळलेलं आपलं आपण असतं,
निवलं की परत घट्ट.
विरघळलेल्याला कुणीतरी घेऊन गेलेलं असतं."
मिठाला वितळायला आठशे एक अंश लागतात.
विरघळायला चहाचा पेला.

आमचं गाव मिठावर उभं होतं.
म्हणजे खरोखरच.
कामा नदीच्या काठाशी, चारशे मीटर खाली,
लाल-पांढरे पट्टे, मांस आणि चरबीसारखे.
बाबा तिथे यंत्र चालवत, खतासाठी पोटॅश काढत,
आणि मागे खांब सोडत जात, मिठाचेच.
खांबांवर छत, छतावर माती,
मातीवर बेकरी, मालधक्का, आमची पाच मजली चाळ,
चौथ्या मजल्यावर माझी खाट.

त्या मार्चमध्ये छतातून थेंब पडायला लागला.
बाबांनी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत धरून आणला.
बाईंनी त्यात मिठाचा एक खडा टाकला.
खडा तळाशी गेला आणि बसून राहिला,
हट्टी पाहुण्यासारखा.
"पोट भरलेलं पाणी आहे," बाई म्हणाल्या,
"खांब खाणार नाही. जा, झोप."

मग दर महिन्याला एक बाटली.
एप्रिल, मे, जून.
खडे बसत होते, मी झोपत होते.

ऑक्टोबरात बाईंनी खडा टाकला आणि घड्याळ पाहिलं.
खड्याच्या कडा गोल झाल्या.
मग तो मोहरीएवढा.
मग मी वाकून पाहिलं, उजेडाकडे धरून पाहिलं.
बाईंनी बूच लावलं, दोनदा पिळून.
"हे उपाशी आहे.
नदीचं आहे."

कुठेतरी पाणी मुरतंय हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं,
आणि सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून.
बाबा खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस.
जिने चढून गेले, मोठ्या साहेबाच्या टेबलावर
बाटली ठेवली, शेजारी मिठाची पुडी.
म्हणाले, टाकून बघा.
साहेबांनी टाकून बघितलं नाही.
बाबांना हिवाळ्याआधीच घरी बसवलं.

दीड वर्षानं बेकरी कलली.
रविवार होता, आत कुणी नव्हतं,
भट्टी तेवढी अजून कोमट होती.

शाळा रिकामी करायच्या दिवशी मी तक्ता सोडवायला गेले.
सर्वांत खाली सावेलीनं पेन्सिलीनं नवी ओळ आखलेली:
गोदामांची गल्ली, तलावाची गल्ली, आमची चाळ, शाळा.
प्रत्येकापुढे र.
आणि प्रत्येक र वर बाईंच्या लाल शाईची काट,
बाजूला त्यांच्या त्या ताठ अक्षरात म.
खाली शेरा: "घाई करतोस. वेळ लागतो."

तक्ता मी तिथेच राहू दिला.

आता पेर्ममध्ये, बाराव्या मजल्यावर,
बटाट्यांच्या पाण्यात मीठ टाकते तेव्हा
बाबा खुर्ची ओढून शेजारी येतात.
कानानं ऐकू येत नाही त्यांना हल्ली.
पातेल्यात बघत राहतात, खडा दिसेनासा होईपर्यंत,
मग बोट उचलून विचारतात:
किती वेळ लागला?